शिकारी बाणाचे वजन : कारागिरी, गतिशास्त्र आणि फिकह

हातिमताईचे नाव मराठी वाचकाला नवे नाही. दानशूरपणाच्या गोष्टींतून ते घरोघरी पोहोचले आहे. त्याच्या मुलाचे नाव मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. हजरत अदी बिन हातिम (रजि.) हे तय्य कबिल्याचे सरदार होते. हिजरी सनाच्या नवव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी इस्लाम स्वीकारला. हदीसच्या ग्रंथांत त्यांचे नाव विशेषतः शिकारीच्या प्रकरणात भेटते, कारण वाळवंटातील या शिकाऱ्याने पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांना शिकारीबद्दल अगदी व्यवहारातले प्रश्न विचारले होते. शिकवलेल्या कुत्र्याने पकडलेले जनावर खावे काय? बाण लागल्यावर जनावर पाण्यात पडले तर? आणि 'मिअराद' फेकून मारलेल्या जनावराचे काय?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आले आहे. त्याचा आशय असा की, मिअराद टोकाने लागून आत शिरला तर ते जनावर खावे. आडवा लागून जनावर मेले तर खाऊ नये, कारण ते 'वकीझ' म्हणजे आघाताने मेलेले ठरते. कुरआनच्या सूरह माइदामधील तिसऱ्या आयतीत निषिद्ध प्राण्यांची जी यादी आहे, तिच्यातील 'मौकूझा' हा शब्द याच धातूपासून आलेला आहे.

मिअराद म्हणजे नेमके काय, यावर भाष्यकारांचे एकमत नाही, आणि हा मतभेदच मोठा बोधक आहे. इब्न हजर अल्-अस्कलानी (१३७२–१४४९) यांनी 'फतहुल बारी' या बुखारीवरील भाष्यात वेगवेगळी मते एकत्र दिली आहेत. कोशकार अल्-खलील यांच्या मते तो पिसे आणि फाळ नसलेला बाण. दुसऱ्या मतानुसार तो चार बारीक पिसांचा लांब बाण. तिसऱ्या मतानुसार रुंद आणि जड पात्याचा. चौथ्या मतानुसार ती एक जड काठी. तिचे टोक तासलेले, त्याला कधी लोखंड लावलेले, कधी नाही. यांपैकी एकाच प्रकाराला खरे मानून बाकीचे खोडण्याची गरज नाही. अरबस्तानातील शिकारी हाताशी येईल त्या लाकडाचा, ऐपतीप्रमाणे लोखंड लावून किंवा न लावता, बाण करीत असावा असे मानले की चारही मते जागच्या जागी बसतात. लोखंड महाग, लाकूड स्वस्त. लोखंडाची उणीव लाकडाच्या वजनाने भरून काढायची, ही युक्ती गरीब शिकाऱ्याला सुचणे स्वाभाविकच होते.

येथेच शिकारी बाणाच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न उभा राहतो. बाण जड करावा काय? करावा तर कशाने, आणि ते वजन कोठे बसवावे?

'वजन' या शब्दाचे दोन अर्थ

फिकहच्या ग्रंथांत या प्रश्नाची चर्चा 'धार' आणि 'भार' अशा जोडीने येते. हनफी फिकहमधील सर्वमान्य ग्रंथ 'हिदाया' घ्यावा. त्याचे कर्ते फरगाना खोऱ्यातील बुरहानुद्दीन अल्-मर्गीनानी (मृत्यू ११९७). वॉरन हेस्टिंग्जच्या काळात या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर हाती घेण्यात आले आणि चार्ल्स हॅमिल्टनने फारसीवरून केलेले ते भाषांतर १७९१ मध्ये लंडनला छापले गेले. त्यामुळे हिंदुस्थानातील न्यायालयांपर्यंत त्याचे नाव पोहोचले. हिदायाच्या शिकार-प्रकरणात दगडाचे उदाहरण आहे. दगड जड असून त्याला धार असेल आणि त्याने जनावर मेले, तर ते खाऊ नये; कारण ते भाराने मेले असण्याचा संभव उरतो. दगड हलका आणि धारदार असेल तर खावे. कारण मृत्यू जखमेनेच झाला हे निश्चित होते. हलका दगड बाणासारखा लांबट करून त्याला धार काढली असेल, तरीही तेच. तत्त्व असे की मृत्यू जखमेमुळे झाला हे नक्की असेल तर हलाल, भारामुळे झाला हे नक्की असेल तर हराम, आणि शंका असेल तर सावधगिरी म्हणून हरामच.

हे वाचून एखाद्याचा असा समज होईल की फिकहला हलका बाण मान्य आणि जड बाण अमान्य होता. हा समज चुकीचा आहे. फकीह ज्याला भार म्हणतात तो बोथट आघाताचा भार. सोट्याचा, ढेकळाचा, आडव्या काठीचा. बाण तयार करणारा तीरगर ज्याला वजन म्हणतो ते धारेच्या मागे उभे असलेले वजन. त्याचे काम चिरडण्याचे नसून पाते आत ढकलण्याचे आहे. हिदायातील आक्षेप जड दगडाला आहे, आणि तोही मृत्यूचे कारण ओळखता येत नाही म्हणून. धारदार फाळाचा जड बाण आरपार गेला तर कारणाबद्दल शंकाच राहत नाही. उलट फार हलका बाण कातडीखाली अडकला, जनावर पळाले, कड्यावरून पडले, तर शंका निर्माण होते.

बोथट बाणाला फारसी-उर्दूत 'तुक्का' म्हणतात. 'लागला तर तीर, नाहीतर तुक्का' ही म्हण आणि मराठीतील 'तुक्का मारणे' हा प्रयोग तेथून आला. तो वापरणाऱ्या किती जणांना आपण बाणाबद्दल बोलत आहोत याची कल्पना असते, कोण जाणे. वरील नियम लावला तर तुक्क्याने पाडलेला पक्षी जिवंत हाती लागून जबह झाला तरच हलाल.

मातीच्या गोळीचेही तसेच. गोळी मारण्याच्या धनुष्याला फारसीत 'कमान-ए-गुरोहा' म्हणत. आपल्याकडील गुलेल तीच. पिकांवरचे पक्षी हाकण्यास तिचा उपयोग होई. त्या गोळीला अरबीत 'बुंदुक' हा शब्द आहे, मूळ अर्थ हेझलनट हे गोल कवचाचे फळ. बहुसंख्य फकीहांनी या गोळीने मेलेले जनावर निषिद्ध ठरवले, कारण गोळी कापत नाही, ठोकते. पुढे हाच शब्द दारूच्या हत्याराला लागला आणि मराठीत 'बंदूक' होऊन बसला. शब्दाबरोबर प्रश्नही आला. शिशाची गोळी भेदते की ठोकते? दमास्कसचे हनफी विद्वान इब्न आबिदीन (मृत्यू १८३६) यांनी तिला धार नाही, ती जोराने व जाळून मारते, म्हणून ती शिकार जबह केल्याविना हलाल नाही, असे म्हटले. त्यांचेच समकालीन, येमेनचे अश्-शौकानी (मृत्यू १८३४) यांनी गोळी अंगात शिरून आरपार जाते, या कारणाने ती हलाल ठरवली. दोघांपुढे मजकूर तेच होते. फरक पडला तो 'भेदणे' या क्रियेच्या समजुतीत, म्हणजे एका अर्थी भौतिकशास्त्रात.

बोरूची दांडी आणि तिला जडपणा देण्याचे उपाय

बाणाची दांडी बहुतेक देशांत बोरू, बांबू किंवा तत्सम पोकळ गवतापासून होत असे. ती सरळ, हलकी, टणक आणि जवळजवळ फुकट असते. पण हलकेपणा हाच तिचा दोष. पुढे वजन नसले की बाण हवेत भरकटतो आणि लागला तरी खोल जात नाही. यावर माणसाने शोधलेला सर्वात जुना उपाय म्हणजे बोरूच्या पुढच्या टोकात कठीण लाकडाचा, हाडाचा किंवा शिंगाचा जोड बसवणे. १९२२ मध्ये सापडलेल्या इजिप्तच्या तुतनखामुनच्या थडग्यातून शेकडो बाण निघाले. त्यांतील पुष्कळांत बोरूची दांडी आणि पुढे कठीण लाकडाचा जोड अशी रचना आहे. राजाच्या बाणातही दांडी बोरूचीच होती, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १९९१ मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, सुमारे पाच हजार तीनशे वर्षांपूर्वीच्या 'ओत्झी' या माणसाच्या भात्यात चौदा दांड्या होत्या. त्यांतील दोनच बाण पुरे झाले होते, आणि त्या दोहोंपैकी एकाला पुढे वेगळ्या, डॉगवूड नावाच्या कठीण लाकडाचा जोड आहे. गारगोटीची टोके बर्चच्या सालीपासून काढलेल्या डांबरासारख्या चिकाने आणि दोऱ्याने बसवलेली आहेत.

हा जोड एकाच वेळी तीन कामे करतो. वजन पुढे आणतो, बोरूचे नाजूक तोंड फुटू देत नाही, आणि मोडला तर फक्त तेवढाच बदलता येतो. चिकटवायला सरस, राळ किंवा लाख, आणि बांधायला जनावराच्या स्नायूचे तंतू. सरस, लाख आणि राळ आपल्याकडे तर सुताराच्या आणि सोनाराच्या घरची वस्तू.

मोगल काळातील हत्यारांचे वर्णन विल्यम आयर्विनने १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोगल सैन्यावरील ग्रंथात दिले आहे. त्यात एक नोंद आहे: नेहमीच्या वापरातील बाण बोरूचे असत, आणि वाघासाठी वापरायचे बाण लाकडी दांडीचे. बोरूच्या बाणाला फाळ राळेने बसवीत. लाकडी बाणाच्या दांडीला भोक पाडून त्यात लाल तापवलेल्या फाळाचे शेपूट ठोकीत. या दोन ओळींत बाणाच्या वजनाचे सगळे शास्त्र आले आहे. हरणाला पुरणारा बाण वाघाला पुरत नाही. त्यासाठी धनुष्य बदललेच पाहिजे असे नाही. दांडी बदलली तरी बरेच काम होते. त्याच ठिकाणी फाळ साधारणपणे पोलादी असत, पण भिल्ल हाडाचे टोक वापरीत, असेही म्हटले आहे. इंदूर, झाबुआ, अलिराजपूर, नंदुरबार या पट्ट्यातील वाचकांना भिल्लांचा तीरकमठा परका नाही. पोलाद नसेल तेथे हाड. त्याला धार काढता येते, ते लाकडापेक्षा जड असते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

संस्कृत धनुर्वेदपर ग्रंथांनी हाच विचार वर्गीकरणाच्या भाषेत मांडला आहे. शार्ङ्गधरपद्धती हा संग्रह १३६३ चा मानतात. त्यात पुढे जाड असलेला बाण स्त्री, मागे जाड असलेला पुरुष आणि सर्वत्र सारखा असलेला नपुंसक, असे तीन प्रकार येतात. पहिला दूर जाणारा, दुसरा दृढ भेदणारा, तिसरा नेमबाजीच्या सरावाचा. कोणता प्रकार अधिक भेदतो याबद्दल आजचे मोजमाप वेगळे सांगेल, पण वजन किती एवढेच न पाहता ते दांडीच्या कोणत्या भागात आहे हे पाहिले पाहिजे, ही जाण त्यात स्पष्ट आहे. संपूर्ण लोखंडी बाणाला 'नाराच' म्हटले आहे. तो म्हणजे वजनाच्या विचाराचे शेवटचे टोक. तो सोडायला तशाच ताकदीचे धनुष्य आणि तसाच खांदा हवा.

शार्ङ्गधरपद्धतीनंतर पाचच वर्षांनी, १३६८ च्या सुमारास, मम्लूक राज्यात तैबुगा अल्-बक्लमिशी याने तिरंदाजीवर 'गुन्यतुत् तुल्लाब' हा अरबी ग्रंथ रचला. लॅथम आणि पॅटरसन यांनी १९७० मध्ये त्याचे इंग्रजी रूप प्रसिद्ध केले. अरबी तिरंदाजीच्या परंपरेत धनुष्याची ताकद रतलमध्ये आणि बाणाचे वजन दिरहममध्ये मोजीत आणि दोहोंचा मेळ बसवण्यावर भर देत. ताकदवान धनुष्यावर फार हलका बाण लावला तर धनुष्यालाच इजा होते, कारण साठलेला जोर घेऊन जायला पुरेसा बोजा नसतो. भारतात आणि मिसरमध्ये एकाच दशकात झालेली ही दोन पुस्तके एकमेकांना ओळखत नव्हती. दोघांनाही जुन्या उस्तादांकडून आलेले ज्ञान लिहून ठेवायचे होते. आपल्या अभ्यासक्रमांत मात्र ही दोन नावे एका पानावर क्वचितच येतात. त्यामुळे तिरंदाजी शिकवताना पुराणातील धनुर्धर आणि इंग्रजांचे लांब धनुष्य एवढीच उदाहरणे विद्यार्थ्यापुढे उरतात.

इंग्रजांचा विषय निघालाच आहे तर रॉजर ऍस्कमचे 'टॉक्सोफिलस' (१५४५) पाहावे. हलक्या लाकडाच्या दांडीला पुढे ब्राझील किंवा हॉली या जड लाकडाचा सांधा द्यावा, म्हणजे पिसांकडच्या भागाला तोल मिळतो, असे तो सांगतो. ब्राझील हे नाव मुळात आशियातून युरोपात जाणाऱ्या तांबड्या रंगाच्या लाकडाचे होते. देशाला ते नंतर मिळाले.

जेथे वजन नको होते

सगळ्यांनीच बाण जड केले असे नाही, आणि अपवादांवरून नियम जास्त कळतो. दक्षिण आफ्रिकेतील सान शिकाऱ्यांचे धनुष्य लहान आणि बाण अतिशय हलका असतो. बोरूच्या दांडीला पुढे हाडाचा जोड असतो, पण तो वजनासाठी कमी आणि विषासाठी जास्त. डायॅम्फिडिया नावाच्या भुंग्याच्या अळीपासून काढलेले विष त्यावर लावतात. बाणाने कातडी भेदली की त्याचे काम संपले. पुढे तासन्‌तास जनावराच्या मागावर राहायचे. येथे वजनाची जागा विषाने आणि चिकाटीने घेतली आहे.

दुसरा अपवाद उस्मानी तुर्कांच्या दूरफेकीचा. इस्तंबूलच्या ओकमैदानावर त्यांनी लांब बाण मारण्याचा खेळ शिगेला नेला, आणि त्यासाठीचे बाण मुद्दाम आखूड व हलके केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील उस्मानी वकिलातीचे चिटणीस महमूद एफेंदी यांनी चारशे यार्डांहून लांब बाण मारून इंग्रज तिरंदाजांना चकित केले होते. अशा बाणाने शिकार होत नाही. तो वेगाचा बाण आहे, भेदाचा नाही.

फळ्यावर मांडण्याजोगा हिशेब

महाविद्यालयीन वर्गात हा विषय भौतिकशास्त्राच्या तासालाही नेता येईल. धनुष्य ओढल्यावर त्यात ठरावीक ऊर्जा साठते. दोरी सोडल्यावर ती सगळी बाणाला मिळत नाही, कारण धनुष्याची टोके आणि दोरीही हलतात. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी १९४० च्या दशकात याचा हिशेब 'आभासी वस्तुमान' या कल्पनेने सोपा केला: बाणाबरोबर जणू आणखी काही ग्रॅम वस्तुमान त्याच वेगाने पळते असे धरायचे. हेच क्लॉपस्टेग तुर्की तिरंदाजीचे अभ्यासक होते. त्या विषयावरचे त्यांचे पुस्तक १९३४ चे आहे.

समजा धनुष्यात ५० ज्यूल ऊर्जा आहे आणि आभासी वस्तुमान ८ ग्रॅम. बाण २० ग्रॅमचा असेल तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० मीटर, गतिज ऊर्जा सुमारे ३६ ज्यूल आणि संवेग सुमारे १.२ एकक येतो. बाण ४० ग्रॅमचा केला तर वेग ४५.६ मीटरवर उतरतो, पण ऊर्जा सुमारे ४२ ज्यूल आणि संवेग १.८ च्या पुढे जातो. म्हणजे वजन दुप्पट केल्याने वेग चौथ्या भागाइतका घटला, आणि संवेग निम्म्याहून जास्त वाढला. शिवाय जी ऊर्जा धनुष्याच्या कंपनात वाया जात होती तिच्यातली काही बाणाकडे आली. जड बाणाने धनुष्य कमी दणका देते, हे तिरंदाजाच्या हाताला आधीच ठाऊक असते. याची किंमतही द्यावी लागते. हळू बाणाचा मार्ग अधिक वाकडा होतो, त्यामुळे अंतराचा अंदाज चुकला तर नेम चुकतो. म्हणून जड बाणाचा शिकारी जवळ जाऊन मारतो. वाघाचा लाकडी बाण आणि उस्मानींचा दूरफेकीचा बाण ही या एकाच हिशेबाची दोन टोके.

बाटलीच्या काचेचा फाळ

१९११ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळ याही या जमातीचा शेवटचा उरलेला माणूस बाहेर आला. त्याला 'इशी' म्हणत. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ माणूस. त्याच्या लोकांचे गोऱ्या वसाहतवाल्यांनी शिरकाण केले होते. १९१६ मध्ये क्षयाने मरेपर्यंत तो विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला, आणि तेथील वैद्यकीय महाविद्यालयातील शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याच्याकडून तिरंदाजी शिकले. पोप यांनी १९१८ मध्ये त्याची पद्धत लिहून प्रसिद्ध केली. इशीच्या शिकारी बाणांत हेझलच्या दांडीला पुढे जड लाकडाचा जोड असे, आणि सांधा जनावराच्या स्नायूच्या तंतूंनी, ते तोंडात मऊ करून, आवळलेला. टोके तो ज्वालामुखी काचेची करी. ती मिळाली नाही तर फेकून दिलेल्या बाटलीच्या काचेची.

पोप यांनी पुढे पोलादी आणि काचेच्या टोकांची तुलना केली. हरणाचे कातडे आणि त्यामागे जनावराचे काळीज अशा लक्ष्यात पोलादापेक्षा काचेचे टोक खोल गेले. वजनाच्या चर्चेत हे विसरता कामा नये. धार नसेल तर मागचे वजन वाया जाते. फकीहांनी सातव्या शतकापासून धारेलाच पहिला मान दिला तो याच कारणाने योग्य ठरतो. पोप यांचे इशीवरील प्रेम खरे होते, यात शंका नाही. पण विसाव्या शतकातील अमेरिकेत धनुष्याने शिकार करण्याचा छंद त्यांच्या पुस्तकांमुळे वाढला, आणि ज्याच्याकडून ते शिकले त्याची जमात त्याच देशाने संपवली होती, हेही त्याबरोबर शिकवले गेले पाहिजे.

पोकळ नळ्यांचा काळ

अमेरिकेत १९३९ च्या सुमारास ईस्टन यांनी ऍल्युमिनियमच्या नळीचे बाण करण्यास सुरुवात केली. १९६९ मध्ये मिसूरीच्या हॉलेस विल्बर ऍलन यांना चाकांच्या धनुष्याचे पेटंट मिळाले, आणि १९८० च्या दशकानंतर कार्बनच्या नळ्या आल्या. बाण हलका आणि वेगवान होत गेला. जाहिरातींत वेगाचे आकडे झळकू लागले. आजचा साधा कार्बन बाण फाळासह ३५० ते ४०० ग्रेनचा, म्हणजे २५ ग्रॅमच्या आसपास असतो. फिरून हजारो वर्षांपूर्वीचीच अडचण: दांडी पोकळ आणि हलकी, म्हणून मोठ्या जनावराच्या हाडापाशी बाण थांबतो.

उपायही जुनाच निघाला, फक्त जिनसा बदलल्या. दुकानातून पितळेचे जड तुकडे घेण्याऐवजी शिकारी घरातल्या वस्तू नळीत भरू लागले. गवत कापण्याच्या यंत्राची नायलॉनची दोरी हा त्यांतला सर्वात प्रचलित प्रकार. २.४ मिलिमीटर जाडीची ७० सेंटिमीटर दोरी घातली की साधारण साडेतीन ग्रॅम वाढतात. दोन दोऱ्या मावल्या तर सात. कोणी वाळू भरतो, कोणी मीठ. पण मीठ ओल धरते, आणि सुटे दाणे दोन्हीकडे कापसाचा बोळा ठासून आवळले नाहीत तर बाण सुटताना मागे सरकतात व आदळताना पुढे येतात, त्यामुळे प्रत्येक बाण वेगळा उडतो. दोरीचे वजन दांडीभर सारखे पसरते, म्हणून एकूण वजन वाढते पण तोल पुढे येत नाही. त्यासाठी फाळाच्या मागच्या खोबणीत खिळ्याचा तुकडा चिकटवतात. दोन इंची खिळ्याचे दोन-अडीच ग्रॅम नेमके जेथे हवेत तेथे बसतात. मात्र पुढे बोजा वाढला की सुटण्याच्या क्षणी दांडी जास्त वाकते, आणि पातळ दांडी असेल तर नेम बिघडतो. तेव्हा अधिक ताठ दांडी घ्यावी लागते किंवा ती थोडी आखूड करावी लागते. बोरूच्या तोंडात कठीण लाकडाचा जोड बसवणाऱ्या इजिप्तच्या कारागिराला या सर्व अडचणी ओळखीच्या वाटल्या असत्या.

१९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात एडवर्ड ऍशबी या अमेरिकन अभ्यासकाने मोठ्या जनावरांवर बाणांच्या भेदनशक्तीची तपासणी केली. धनुष्याच्या शिकारीला परवानगी द्यावी काय, हा तेथील प्रश्न होता. जाड हाड भेदायचे तर बाण सुमारे ६५० ग्रेन, म्हणजे ४२ ग्रॅमच्या पुढे असावा, पाते मजबूत व अरुंद असावे आणि तोल पुढे असावा, असे त्यांचे निष्कर्ष आहेत. हा ६५० चा आकडा सर्वांना मान्य नाही, आणि लहान हरणासाठी तो लागतही नाही. ब्रिटनने मात्र वेगळी वाट धरली. तेथे १९८१ च्या वन्यजीव कायद्याने धनुष्याने वन्य प्राणी मारण्यासच मनाई केली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषय इतिहासाचा आणि प्रयोगशाळेचा आहे.

परवानगी असो वा मनाई, दोन्हीकडच्या वादात एकच दृश्य पुढे येते: बाण लागून पळालेले आणि न सापडलेले जनावर. हजरत अदी (रजि.) यांचे उरलेले प्रश्न याच दृश्याचे आहेत. बाण मारला, जनावर दिसेनासे झाले, आणि एक-दोन दिवसांनी मेलेले सापडले. त्यावर दुसरी कसलीच खूण नसून फक्त स्वतःच्या बाणाची असेल, तर ते खावे, असे उत्तर मिळाले. पाण्यात बुडालेले सापडले तर खाऊ नये. कारण पाण्याने मारले की बाणाने, हे कळत नाही. वाळवंटातील शिकाऱ्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटणार की नाही, हे या उत्तरावर ठरत असे. आणि जनावर शंभर पावलांत पडणार की नजरेआड जाऊन पाण्याशी मरणार, हे पुष्कळदा त्याच्या फाळाच्या धारेवर आणि त्या धारेमागे त्याने बसवलेल्या लाकडाच्या तुकड्यावर.